वेगवेगळ्या विषयांतल्या संशोधकांच्या अनौपचारिक गप्पा कशा सुरू कराव्यात? खान्देशातल्या मंडळींचा अनुभव हवा आहे

मृगबाग

नमस्कार मंडळी,

मी जळगाव जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते आहे. विषय केळीवरचा कुकुंबर मोझॅक विषाणू. रावेर, यावल, सावदा भागातले शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. पानावर पिवळे पट्टे येतात, पान आखडतं, पोगा (मधलं गुंडाळलेलं नवं पान) सडतो, आणि एकदा लागलेलं झाड काही केल्या सुधारत नाही. पण आज विषाणूबद्दल विचारायला आलेले नाही. विचारायचं आहे ते आम्हा संशोधकांच्या आपापसातल्या बोलण्याबद्दल.

झालं असं की पावसाळ्यात मृगबागेतून (जून-जुलैत लावलेल्या केळीतून) नमुने आणून मी कॅन्टीनमध्ये बसले होते. वहीत शेतांचा हाताने काढलेला नकाशा होता, कुठल्या शेतात लागण आणि कुठल्या शेतात नाही एवढ्या खुणा केलेला. भूगोलवाला एक दादा चहाचा कप घेऊन समोर बसला. नकाशा आपल्याकडे फिरवून त्याने विचारलं, "लागण झालेल्या या शेतांच्या शेजारी काय पेरलेलं होतं?" तो उपग्रहाच्या चित्रांवरून पीकरचना काढतो, आणि त्याच्याकडे याच तालुक्यांची गेल्या काही हंगामांची चित्रं होती. आमची प्रयोगशाळा आणि त्याची खोली एकाच जिन्याला लागून आहेत.

त्याच्या प्रश्नाचं मोल समजावं म्हणून थोडं सांगते. हा विषाणू मावा पसरवतो. रोगट झाडात सोंड खुपसली की काही सेकंदांत ते काही मिनिटांत मावा विषाणू उचलतो, पुढच्या झाडावर बसताच देऊन टाकतो आणि मग मोकळा होतो. त्याच्या सोंडेत विषाणू फार वेळ टिकत नाही. त्यामुळे दूरच्या गावापेक्षा शेजारच्या बांधाचा धोका मोठा. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, बांधावरचं कित्येक प्रकारचं तण, सगळ्यांत हा विषाणू राहतो. त्याच्या यजमान वनस्पतींची यादी हजाराच्या वर जाते. म्हणजे माझे नमुने आणि त्या दादाची चित्रं हे एकाच प्रश्नाचे दोन तुकडे आहेत.

त्याच टेबलावर समाजशास्त्राची एक मैत्रीण होती. रोगट झाड दिसताच मुळासकट उपटून नष्ट करा, हा सल्ला आम्ही सगळेच देतो. ती म्हणाली, "शेत नफ्याने, म्हणजे खंडाने, घेतलेलं असेल तर उपटलेल्या झाडाचं नुकसान कुणाच्या माथी? आणि ज्याच्या माथी पडणार तो झाड उपटेल की आणखी आठ दिवस वाट बघेल?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही परीक्षानळीत मिळणार नाही, आणि ते मिळाल्याशिवाय माझ्या कामाचा बागेत उपयोगही नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे. कॅन्टीनमधलं हे बोलणं मुद्दाम, ठरवून, नेमाने व्हायला हवं. रसायन, भूगोल, मराठी, संगणक, समाजशास्त्र, औषधनिर्माण, सगळ्या विभागांतले लोक महिन्यातून एक-दोनदा बसतील, एकजण आपलं काम सांगेल, बाकीचे विचारतील. आमच्यातले सात-आठ जण तयार आहेत.

अडचणी खूप दिसतात. व्याख्यान म्हटलं की दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक, आभार. मुख्य बोलणं सुरू होईपर्यंत लोक थकलेले असतात. भाषा कुठली ठेवायची? प्रबंध इंग्रजीत, बोलणं मराठीत, घरी अहिराणी नाहीतर लेवा गणबोली. वेळ कुठली? उन्हाळ्यात इथे दुपारी जीव नकोसा होतो, आणि संध्याकाळी वसतिगृहाचं फाटक आणि धरणगाव-एरंडोलच्या एसटी गाड्या पाहाव्या लागतात. काही मार्गदर्शकांना वाटतं, छापून येण्याआधी काम बाहेर सांगितलं तर कुणीतरी उचलेल. त्यांची काळजीही मला खोटी वाटत नाही.

कुणी असं काही चालवलंय का? कसं टिकवलं? लहानसहान गोष्टीही सांगा, त्याच हव्या आहेत.

पांझराकाठ

मृगबाग ताई, प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी साक्री तालुक्यातला. भूगोल शिकवून निवृत्त झालो. मी शिकलो तेव्हा खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. आपलं विद्यापीठ १९९० साली झालं आणि २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. घराजवळ विद्यापीठ असण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो, की ज्या मातीवर संशोधन करायचं ती खिडकीतून दिसते. तुमच्या टेबलावर जे घडलं ते त्यामुळेच घडलं.

पद्धत सांगण्याआधी विषय कसा निवडावा ते सांगतो, कारण माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. विभागाच्या नावाने गप्पा ठेवू नका. ‘रसायनशास्त्रातील नवे प्रवाह’ असं लिहिलं की रसायनवालेच येतील, तेही हजेरीपुरते. आपल्या भागातली एखादी वस्तू घ्या, जागा घ्या, नाहीतर अडचण घ्या. केळीचं पान घ्या. गिरणेची वाळू घ्या. कापसाची पऱ्हाटी घ्या.

आमच्याकडे मी फड घेतला होता. तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. पांझरा, मोसम या नद्यांच्या काठी काही शतकांपासून फड पद्धतीने सिंचन होत आलं. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन साधारण चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी फेरपालट करायची. ऊस एका फडात, भुसार दुसऱ्या फडात, असं फिरतं चाले. एकेका शेतकऱ्याचे तुकडे बहुधा वेगवेगळ्या फडांत असत, म्हणून पाण्याचं सुख आणि ताण दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येई. पाणी सोडणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या. त्यांचा मोबदला धान्यात. पाट साफ करायला सगळं गाव उतरत असे.

आता हा विषय कुठल्या विभागाचा? बंधारा स्थापत्यवाल्यांचा, फेरपालट कृषीवाल्यांची, पाटकरी समाजशास्त्राचा, जुनी कागदपत्रं इतिहासाची, आणि फडावरचे शब्द भाषेचे. मी आमच्या कॉलेजातल्या चार-पाच सहकाऱ्यांना बंधाऱ्यावरच नेलं. सोबत एक वयस्कर पाटकरी होते. स्थापत्यवाले सर पाटाचा उतार बघत राहिले. यंत्राशिवाय इतका सौम्य उतार कसा साधला असेल, हाच त्यांचा प्रश्न. कृषीचे सर जमिनीचा निचरा बघत होते. वाणिज्य शाखेचे सर मात्र आम्ही ‘फिरायला चला’ म्हणून सोबत आणलेले. ते पाटकरीबाबांच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं, "बाबा, तुम्हाला धान्य द्यायचं कोण, आणि पीक बुडालं तर?" बाबा म्हणाले, पीक बुडालं तर माझंही बुडालं.

त्या एका वाक्याने आम्हा सगळ्यांचं बोलणं वळलं. पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचवण्यात पाटकऱ्याचा स्वतःचा स्वार्थ होता. टोकाचं पीक वाळलं तर त्याच्या वाट्याचं धान्य कमी. कालव्याच्या टोकाला पाणी का पोचत नाही यावर मी कित्येक वर्षं वर्गात उतार, गळती आणि बाष्पीभवन शिकवत होतो. माणसाचा मोबदला कशाला बांधलेला आहे, हा चौथा मुद्दा त्या दिवसापासून माझ्या शिकवण्यात आला. तो मला वाणिज्याच्या सरांनी दिला आणि त्यांनी तो देताना फडाबद्दल एक ओळही वाचलेली नव्हती.

म्हणून माझा एकच आग्रह आहे. बोलणाऱ्याने झालेलं काम घेऊन येऊ नये, अडलेलं घेऊन यावं. पूर्ण झालेल्या कामावर श्रोता टाळ्या वाजवतो, अडलेल्या कामात तो हात घालतो. वीस मिनिटं बोलायचं, शेवटी "मी इथे अडलोय" असं सांगून थांबायचं, आणि पुढचा पाऊण तास ऐकणाऱ्यांचा. प्रश्न विचारताना पहिली संधी बोलणाऱ्याच्या विभागाबाहेरच्या माणसाला द्यायची. हा नियम आम्ही फार काटेकोर पाळला, कारण त्याच विभागातला माणूस पहिला बोलला की गप्पा लगेच तोंडी परीक्षेच्या वळणावर जातात आणि बाकीचे गप्प होतात.

माईक नको. खुर्च्या गोल. शक्य असेल तेव्हा हातात धरता येईल अशी वस्तू फिरवा. मातीचा गोळा, पान, जुना कागद. हात लागला की माणूस बोलतो.

आणि खान्देशाला हे काही नवं नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांच्या मागे लोकांनी धुळ्यात संशोधन मंडळ उभं केलं, ते आजही आहे. त्या एका माणसाने मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली, मराठी व्याकरणावर लिहिलं, स्थळनामं तपासली, ज्ञानेश्वरीचं हस्तलिखित संपादित केलं. विषयांच्या भिंती त्यांना अडवू शकल्या नाहीत. अमळनेरला प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. देशभरातले अभ्यासक तिथे येऊन राहत. साने गुरुजी अमळनेरला आले ते तिथे शिकायलाच, शाळेतले मास्तर ते नंतर झाले. आपल्या लहान गावांत हे सगळं झालेलं आहे, ताई. तुम्ही बिनधास्त सुरू करा.

अनेरकाठ

सरांचं सगळं पटलं. मी शिरपूरकडचा, औषधनिर्माणशास्त्रात शिकवतो. मार्गदर्शकांच्या काळजीबद्दल लिहितो, कारण ‘काही होत नाही, बोला’ असं म्हणून ती सोडून देता येणार नाही.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शोधनिबंध आणि पेटंट.

शोधनिबंधाच्या बाबतीत घाबरण्याचं कारण थोडं. चार लोकांत तोंडी सांगितलेल्या कामाला नियतकालिकं सहसा आधीचं प्रकाशन मानत नाहीत; परिषदांत तर आपण तेच करतो. कल्पना आधी आपल्याकडे होती हे दाखवायची वेळ आलीच, तर तारीख टाकून ठेवलेली नोंदवही उपयोगी पडते. उलट गप्पांची नोंद ठेवली, कोण बोललं, कशावर बोललं, कुणी काय सुचवलं, तर तीच उद्या तुमच्या बाजूचा पुरावा असते.

पेटंटचं मात्र गंभीर आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात शोध नवा असावा लागतो, आणि अर्ज करण्याआधी तो उघडपणे सांगितला तर नवेपणा जाऊ शकतो. सवलती आहेत, पण त्या फार अरुंद, त्यांच्या भरवशावर राहू नये. आमच्याकडे वनस्पतीच्या अर्कावर काम करणाऱ्या मुलांना मी सांगतो, प्रश्न सांगा, पद्धतीचं तत्त्व सांगा, पण नेमकं संयुग, नेमकं प्रमाण, नेमकी प्रक्रिया अर्ज दाखल झाल्याशिवाय सांगू नका. बोलण्याच्या दोन दिवस आधी मार्गदर्शकासोबत बसून कुठली गोष्ट झाकायची ते ठरवा. असं केल्यावर बहुतेक मार्गदर्शक स्वतःच गप्पांना येऊन बसतात, असा माझा अनुभव आहे. त्यांनाही बोलायला आवडतं, त्यांना कुणी बोलावत नाही.

शेतकऱ्यांच्या बाबतीत एक सांगतो, मृगबाग ताई. तुमच्या नकाशावर गट क्रमांक असतील तर गप्पांत ते दाखवू नका. कुणाच्या बागेत हरण्या आहे ही बातमी गावात फिरली की व्यापारी भाव पाडतो. नकाशावर शेजार दिसू द्या, मालक दिसू देऊ नका.

धडगाववाट

मी नंदुरबार जिल्ह्यात काम करते, सातपुड्याच्या माथ्यावरच्या गावांत, पावरी बोलीतल्या शेतीविषयीच्या सांगण्यांवर. अनेरकाठ दादांनी मालकाचं नाव झाकायला सांगितलं, त्याला जोडूनच माझा मुद्दा आहे.

आमच्याकडे मोर, बर्टी यांसारखी भरडधान्यं अजून काही घरांत जपून ठेवलेली आहेत. बी कधी काढायचं, कशात ठेवायचं, राखेत की पानांत, कुठल्या उतारावर कुठलं पेरायचं, हे सगळं म्हाताऱ्या बायका सांगतात. मी ते ऐकते, लिहिते, आणि मग विद्यापीठात येऊन गोलात बसून सांगते. तिथे बसलेला वनस्पतिशास्त्राचा माणूस ते ऐकून खूश होतो. त्याने उद्या त्यावर काम केलं तर त्या बाईचं काय? २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावाची लोक जैवविविधता नोंदवही असते, ती याचसाठी की ज्ञान कुणाचं हे नोंदलेलं राहावं. पण नोंदवहीच्याही आधी साधी गोष्ट आहे. मी गावात जाऊन विचारते, "हे मी तिकडे सांगू का?" काही गोष्टींना हो म्हणतात, काहींना नाही. देवाच्या कामाला लागणाऱ्या झाडाबद्दल एका आजीने मला स्पष्ट सांगितलं, हे तुझ्यासाठी आहे, वहीसाठी नाही. ते मी कुठेही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

तेव्हा तुमच्या नियमांत हे एक वाक्य घालाच: ज्यांच्याकडून शिकलो त्यांना विचारून बोलायचं.

आता भाषा. याबद्दल मला मनापासून वाटतं ते लिहिते. ज्या भाषेत माणूस अडतो त्या भाषेत त्याला बोलू द्या. आमच्या एका मित्राने मराठीत तयारी केली होती, बोलताना घसरत घसरत अहिराणीत गेला. "मना इचार असा शे," म्हणत जे सुरू झाला ते त्याच्या प्रबंधाच्या सारांशापेक्षा कितीतरी स्वच्छ होतं. शब्द अडला तर शेजारचा सांगतो. पारिभाषिक शब्द इंग्रजी असेल तर असू दे, पण पहिल्यांदा येईल तेव्हा दोन वाक्यांत उलगडून सांगायचा. ज्याला आपल्या कामाचा मुख्य शब्द घरच्या बोलीत समजावता येतो, त्याला तो नीट कळलेला असतो.

आणि गप्पांना फक्त विद्यापीठाचे लोक का? प्रयोगशाळा सहायक, ग्रंथालयातल्या ताई, बागेचे माळी, यांनाही बोलवा. रोपवाटिकेत कामाला असलेल्या माणसाने केळीची टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) हजारो रोपं हाताळलेली असतात.

चाळीसगावकर, हल्ली पुण्यात

बाहेर असं काय काय चालतं त्याची थोडी माहिती देतो, त्यातून निवडून घ्या.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ साली ‘चाय अँड व्हाय’ सुरू केलं. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी शास्त्रज्ञ येऊन बोलतो, तिकीट नाही, लहान मूलही प्रश्न विचारतं. त्याआधीचं म्हणजे इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १९९८ साली सुरू झालेलं ‘कॅफे सायंटिफिक’. तिथे जागाच चहा-कॉफीच्या दुकानातली. वक्ता थोडा वेळ बोलतो, मग मध्यंतर, त्यात लोक आपापसात बोलतात, आणि नंतर प्रश्न. हे मध्यंतर फार महत्त्वाचं आहे. व्याख्यान संपल्या संपल्या ‘प्रश्न विचारा’ म्हटलं तर धीट तेवढेच बोलतात. दहा मिनिटं चहाला सोडली तर लाजणारा माणूस आधी शेजाऱ्याशी बोलून बघतो आणि मग त्याचा प्रश्न तयार होतो. पांझराकाठ सरांच्या पद्धतीत हे नक्की घाला.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली तीन मिनिटांत प्रबंध सांगायची स्पर्धा काढली, सोबत एकच स्थिर चित्र. त्यामागची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. तिकडे दुष्काळ होता, पाणी वाचवायला लोक तीन मिनिटांचं घड्याळ लावून अंघोळ करत, त्यावरून ही वेळ सुचली. पण तुमच्या गप्पांसाठी मला ही पद्धत योग्य वाटत नाही. स्पर्धा आली की माणूस अडलेलं सांगत नाही, चमकलेलं सांगतो. फार तर सुरुवातीला ओळख म्हणून प्रत्येकाला तीन मिनिटं द्या, क्रमांक काढू नका.

आमच्या चाळीसगावजवळच्या पाटणचंही सांगतो, सरांनी धुळे आणि अमळनेर घेतलं म्हणून. पाटणादेवीच्या त्या परिसरात मिळालेला एक शिलालेख आहे, इ. स. १२०७ च्या सुमाराचा, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणी वगैरे ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात पाटणच्या बाजारातल्या विक्रीवरचं राजाचं येणं मठाला दिल्याचं कोरलेलं आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आमच्या डोंगरात गणित आणि ज्योतिष शिकवलं जात होतं आणि त्याचा खर्च बाजारहाट करणाऱ्या साध्या माणसाच्या पैशातून निघत होता. ते गणित समजावं म्हणून संस्कृत, दान समजावं म्हणून मराठी. मी लहानपणापासून त्या डोंगरात जातोय आणि दर वेळी हे आठवून ऊर भरून येतो. या शिलालेखावर गणितवाले, मराठीवाले, इतिहासवाले आणि अर्थशास्त्रवाले एकत्र बसलेले मला एकदा बघायचे आहेत. ठरलं तर मी पुण्याहून येईन.

मृगबाग

सगळ्यांची उत्तरं वाचून आम्ही काल बसलो आणि बरंच ठरवलं. आधी खूप आभार.

दर महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार. आता थंडी आहे तोवर दुपारी चार ते साडेपाच, म्हणजे फाटक आणि एसटी दोन्ही सांभाळता येतात. मार्चनंतर सकाळी साडेसातला. सभागृह घेणार नाही, ग्रंथालयाच्या मागच्या कडुनिंबाखाली सतरंज्या टाकू. वीस मिनिटं बोलणं, दहा मिनिटं चहा, मग प्रश्न, आणि पहिला प्रश्न बाहेरच्या विभागाचा. परिचय एका वाक्याचा: नाव आणि सध्या कशात अडलाय. आधी मार्गदर्शकांशी बोलून घेणं आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांना विचारणं, हे दोन्ही आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

पहिल्या गप्पा माझ्याच. गट क्रमांक काढून टाकलेला नकाशा, बंद पिशवीतले पानाचे दोन तुकडे, एक निरोगी दिसणारा आणि एक पट्टे पडलेला, आणि भिंगाखाली मावा. मी जिथे अडले आहे ते असं: कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावायच्या केळीची) लागवड होते तेव्हा शेजारच्या मृगबागेत रोग आधीच असतो. त्या दोन लागवडींच्या मधल्या काळात विषाणू नक्की कुठल्या झाडावर थांबतो? भूगोलाच्या दादाकडची त्या आठवड्यांची चित्रं ढगांनी झाकलेली आहेत. नेमका तोच झिमझिम पावसाचा, ढगाळ काळ रोगाला पोषक. तेव्हा जमिनीवरून बघणारं कुणीतरी हवं. समाजशास्त्राच्या मैत्रिणीने सुचवलं की तण काढायला जाणाऱ्या बायकांना विचारू, कुठल्या बांधावर कुठलं तण कधी असतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? धडगाववाट ताई, तुमच्यामुळे हेही ठरलं की त्यांना फक्त विचारून परत यायचं नाही. पहिल्या शनिवारी त्यातल्या दोघी येणार आहेत. त्यांची त्या दिवसाची मजुरी आम्ही वर्गणीतून देणार आहोत.

पौषात एखादी बैठक शेतातच घ्यायची इच्छा आहे, भरीत पार्टीच्या निमित्ताने. वांगी भाजेपर्यंत बोलणं होईल, जेवताना प्रश्न होतील. वांग्यावरच कुणी काम करत असेल तर कळवा.

पांझराकाठ सर, दुसऱ्या गप्पा फडावर ठेवायच्या आहेत. तुम्ही याल का? आणि पाटकरीबाबा किंवा त्यांच्या घरचं कुणी यायला तयार असेल तर त्यांना आणायची गाडी आम्ही बघतो.

पांझराकाठ

येतो. बाबा आता नाहीत, त्यांचा मुलगा आहे. तो पाटावर वडिलांबरोबर फिरलेला आहे, पुढे धरणं झाली, विहिरी वाढल्या आणि त्याने ते काम केलं नाही. त्याला मी रविवारी गावात भेटून विचारतो. एक सुचवतो, चालेल तर बघा: त्याने बोलावं आणि मी त्याच्या शेजारी बसावं. फडाचं पुस्तकातलं मी कितीही सांगेन, पण पाट का बंद पडला हे त्याच्या घरात घडलेलं आहे, आणि त्यालाही ते कुणी विचारलेलं नाही.

बंधाऱ्याचा दगड काही आणता येणार नाही, पाटातला गाळ आणतो. तुमच्याकडे माती तपासणारं कुणी आहे ना? त्यांना त्या शनिवारी नक्की बसवा.